तो अपघात पारोळ्याजवळचा नाही, गेममधला आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धुळे-जळगाव महामार्गावर कुठे काही झालं, की मोबाइलवर चित्रफिती येऊ लागतात. उतारावर ट्रक सुटतो, पुढच्या चार गाड्या चेपतो आणि पुलाचा कठडा तोडून खाली जातो. वर ओळ असते, 'पारोळ्याजवळ, आत्ताच'. काही दिवसांनी तीच फीत 'कोंडाईबारी घाटातली' म्हणून परत येते. ज्याच्या घरचा माणूस त्या वेळी रस्त्यावर असतो, त्याच्या जिवाचं पाणी पाणी होतं. अशा फितींपैकी काही कॉम्प्युटर गेममधल्या असतात. त्या कशा बनतात आणि कशा ओळखायच्या, हे आपल्या वाचकांना, आणि स्पष्टच लिहायचं तर जिल्हा पानाच्या टेबलावरही, ठाऊक असावं म्हणून हे पत्र.

गाड्या ठोकण्याचे गेम म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी नव्हेत. 'बर्नआउट' 2001 सालचा. त्याच्या 2004 च्या तिसऱ्या भागापासून प्रतिस्पर्ध्याला धडक देऊन उडवलं की बक्षीस मिळतं, पण गाडीचं मोडणं हा बराचसा देखावा. फिनलंडच्या बगबेअर कंपनीच्या 'फ्लॅटआउट'मध्ये (2004) चालक काच फोडून बाहेर फेकला जातो आणि त्याला किती लांब उडवलं याचेही गुण मिळतात. 1997 च्या 'कार्मागेडन'मध्ये पादचाऱ्यांना चिरडायचं होतं. ब्रिटनच्या परिनिरीक्षण मंडळाने त्याला परवानगी नाकारली, तेव्हा माणसांच्या जागी हिरव्या रक्ताची भुतं घालून तो विकायला आला. या दोन्ही गेमांवर पालकांनी नाक मुरडलं तर ते रास्तच आहे. बगबेअरचाच 'रेकफेस्ट' (2018) मात्र वेगळा. त्यात भंगारातल्या गाड्या, सोफ्याला चाकं लावलेली गाडी, अगदी पीक कापणीचं हार्वेस्टरसुद्धा मैदानात उतरतं आणि गाडी जिथे लागली तिथेच चेपते.

तरी फसवणारी बहुतेक फीत या कुठल्याच गेमची नसते. ती असते 'बीमएनजी ड्राइव्ह'ची. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या कंपनीचा हा गेम 2013 मध्ये पहिल्यांदा लोकांच्या हाती आला. त्यात शर्यत जिंकण्यापेक्षा गाडी कशी मोडते हेच बघायचं असतं. एरवीच्या गेममध्ये गाडी हा एक ठोकळा असतो. धडक बसली की चांगल्या बंपरचं चित्र काढून चेपलेल्या बंपरचं लावतात. इथे गाडी सुतळीच्या बाजेसारखी विणलेली असते. काहीशे गाठी, प्रत्येक गाठीला स्वतःचं वजन, आणि त्यांना जोडणाऱ्या काही हजार दांड्या. प्रत्येक दांडीला चार आकडे दिलेले असतात: ताठपणा किती, हेलकावा किती लवकर थांबतो, किती जोर आला की ती कायमची वाकते आणि किती जोराला तुटते. बाजेच्या एका कोपऱ्यावर माणूस बसला की ताण दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जातो. तसाच पुढच्या बंपरचा मार चेसिसमधून मागच्या दारापर्यंत पोहोचतो आणि दार अडकतं. डेंटिंगवाल्याला हे सांगायला नको.

हा हिशेब गेम सेकंदाला 2000 वेळा करतो. एवढा कशासाठी? ताशी 100 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर कापते. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं दिसतात. हिशेबही तेवढ्याच वेळा केला, तर दोन हिशेबांच्या मध्ये गाडी 46 सेंटिमीटर पुढे गेलेली असेल आणि पातळ कठडा तिला लागण्याआधीच ती पलीकडे निघून जाईल. 2000 वेळा केला की हे अंतर दीड सेंटिमीटरच्या आत येतं. म्हणूनच पत्रा पुढून मागे क्रमाने दबताना दिसतो, रेडिएटर फुटला की पाणी गळून इंजिन तापतं, चाकं वळवणारा टाय रॉड वाकला की गाडी एका बाजूला ओढते. कंपनी याची एक आवृत्ती संशोधनासाठीही देते. फीत खरी वाटते ती या हिशेबामुळे, आणि ओळखू येते ती हिशेबाबाहेर राहिलेल्या गोष्टींमुळे.

आधी चालकाची जागा बघा. या गेममध्ये ती बहुतेक वेळा रिकामी असते. धडकेनंतर कोणी दार उघडत नाही, रस्त्याकडेचं कोणी पळत नाही. आपल्याकडे टायर फुटला तरी दोन मिनिटांत दहा माणसं जमतात.

मग पत्रा. खऱ्या पत्र्याला धारदार घडी पडते, घडीवर रंगाचे पापुद्रे उडतात, मडगार्डखाली साचलेला चिखल ढेकळांनी रस्त्यावर पडतो. पुढची काच जाळी पडून तशीच लोंबते, दाराच्या काचेचे मात्र साबुदाण्यासारखे दाणे होऊन रस्ताभर पसरतात. गेममध्ये पत्रा फक्त गाठीपाशी वाकतो, त्यामुळे पोचे मोठे आणि कोनाकोनाचे दिसतात. ओरखडा नाही, रंग शाबूत. जे सुटतं ते अख्खं सुटतं, म्हणजे पूर्ण दार, पूर्ण चाक, पूर्ण बोनेट. बारीक कचरा जवळपास नसतोच. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे थरथर. गाडी चेंदामेंदा होऊन थांबली तरी तिचा एखादा तुकडा वळवळत राहतो. दांड्या एकमेकींत गुंतल्या की हिशेब स्थिर होत नाही, त्याची ही वळवळ. खरं लोखंड एकदा वाकलं की गप्प पडतं.

कॅमेऱ्याची चाल पण बघावी. दुकानावरचा सीसीटीव्ही जागचा हलत नाही, गाडीतला डॅशकॅम गाडीबरोबर हादरतो. गेममधला कॅमेरा हवेत तरंगतो, ट्रकच्या बरोबरीने वळतो आणि धडक कुठे होणार हे जणू त्याला आधीच कळलेलं असतं. एकच अपघात तीन बाजूंनी, संथ गतीत दिसला तर फीत गेममधलीच समजा. एकाच गतिरोधकावर ओळीने वीस गाड्या उधळत असतील, तर तो मुद्दाम बनवलेला खेळ आहे. लबाडी करणारे फीत धुरकट करतात, कोपऱ्यात तारीख-वेळ चिकटवतात आणि मूळ आवाज काढून गाणं घालतात. आवाज काढलेला असेल, तर का काढला हा प्रश्न आधी पडायला हवा.

रस्ता तर बोलतोच. गेमच्या मूळ नकाशांत अमेरिका आणि इटली आहे, तिथे वाहतूक उजवीकडून चालते. ती लपवायला फीत आरशासारखी उलटी करतात, मग पाट्यांवरची अक्षरंही उलटी होतात. आपल्या राष्ट्रीय महामार्गावरच्या मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गावर हिरवा. गेममधल्या गाड्यांच्या कंपन्याही काल्पनिक, इबिशु, गॅव्हरिल अशा नावांच्या. नंबर प्लेटवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये. हौशी मंडळी भारतीय ट्रक आणि बस बनवून गेममध्ये घालतात, त्यामुळे पाटीवर एमएच 18, 19 किंवा 39 दिसलं म्हणजे गाडी खान्देशातली ठरत नाही.

पडताळणीला पाच मिनिटं पुरतात. फीत आपल्याकडे उतरवून घ्या आणि पाव गतीने चालवा. धडकेच्या आधीचं एक, धडकेचं एक आणि गाडी थांबल्यावरचं एक, अशी तीन चित्रं पकडा. चिकटवलेली ओळ आणि तारीख कापून टाका, नाहीतर शोध त्या अक्षरांमागेच धावतो. मग तिन्ही चित्रं गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीत, एकेक करून टाका. मूळ फीत एखाद्या गेमच्या यूट्यूब वाहिनीवर जुन्या तारखेने सापडली की काम झालं. नाही सापडली म्हणून ती खरी ठरत नाही. अशा वेळी ओळीत ज्या गावाचं नाव आहे, तिथल्या पोलीस ठाण्यात किंवा टोल नाक्यावर एक फोन करावा.

विनंती एवढीच, की आपल्या वृत्तपत्राच्या वेब आवृत्तीवर वाचकांनी पाठवलेली अपघाताची फीत टाकण्यापूर्वी तिच्यातली चालकाची जागा आणि थांबलेली गाडी, एवढं तरी एकदा मोठं करून बघितलं जावं. ज्या फितीत गाडी थांबण्याआधीच दृश्य कापलेलं असेल, ती पाठवणाऱ्याकडे पूर्ण मागावी.

कळावे,
आपले,
संगणक दुरुस्ती आणि डेंटिंगच्या कामातले काही वाचक,
जळगाव