थंडीतली गाडी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, तुम्ही सांगितलंत तसं रोज दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवते, तोवर माझं आवरते." ऐकून ओशाळलो. ती शिकवण माझ्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीची. चोक ओढायचा, इंजिन खोकायचं, बंद पडायचं. तापल्याशिवाय ती जागची हलत नसे. तुझ्या गाडीत फ्युएल इंजेक्शन आहे. इंजिन किती गार आहे हे तिचं तिलाच कळतं आणि त्या हिशेबाने ती पेट्रोल जास्त सोडते.

खरी गोम त्या जास्तीच्या पेट्रोलमध्येच आहे. गार सिलिंडरमध्ये त्याची नीट वाफ होत नाही. मग ते भिंतींवरचा ऑइलचा थर धुऊन नेतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून इंजिन लवकर तापलेलं बरं, आणि उभ्या गाडीत ते फार सावकाश तापतं.

तेव्हा स्टार्टर मारल्यावर अर्धा-एक मिनिट थांब. आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा आधी हजार-बाराशेवर चढलेला असतो. तो उतरायला लागला की निघ. काच मात्र आधी पूर्ण साफ कर, वीतभर भोकातून बघत चालवायचं नाही. पहिली पाच-दहा मिनिटं पाय हलका, आरपीएम अडीच हजारांच्या आत. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला की लगेच दामटू नकोस. तो कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा काटा. ऑइल त्याच्या मागून तापतं.

खोटं वाटत असेल तर सकाळी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून ऑइल बोटावर घे. जाड, आळशी, मधासारखं ओघळेल. चक्कर मारून आल्यावर इंजिन बंद कर, पाच मिनिटांनी पुन्हा बघ, बोटावर ठरणारच नाही. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहितात, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं.

आणि शटर लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन एक मिनिटही चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळेपर्यंत उशीर होतो. यात मी काही ऐकून घेणार नाही.

तुझं ऑफिस अगदीच जवळ, तेवढ्यात ऑइल तापत नाही आणि आतल्या वाफेचं पाणी होऊन साठतं. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर घाबरू नकोस, रविवारी तासभर लांब जाऊन ये. तरीही साय येत राहिली, किंवा कूलंट कमी होत असेल, तर मेकॅनिकला दाखव.

डिपस्टिक पुसायला माझा जुना बनियन डिकीत ठेवलाय, स्टेपनीखाली.

तुझे
बाबा