पबमधल्या नोकरीबद्दल

लीड्स

ती. आई-बाबांना सा. न.

पबमधल्या नोकरीचं फोनवर सांगितलं तेव्हा बाबा एकदम गप्प झाले, म्हणून लिहितोय. आधीच्या नोकरीचा राजीनामा देऊन झालाय आणि पबच्या स्वयंपाकघरात मी रुजूही झालोय. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि तुमचा शब्द मोडून मला जाववलं नसतं.

बाबा, हा काही गुत्ता नव्हे. दुपारी म्हातारी जोडपी जेवायला येतात, रविवारी पोराबाळांसकट अख्खी घरं. पगार कमी आहे, कबूल. पण व्हिसाचा प्रश्न मिटलाय, घराचा हप्ता दोघांत भागतो, आणि संध्याकाळभर स्क्रीनकडे बघून डोकं धरायचो ते थांबलंय. दुपारचं जेवण तिथंच गरम मिळतं. रात्री बस आहे. आई, पायमोजे घालतो.

शिजवतोस काय, असं विचारलंस ना? सुरुवातीला माझ्याकडे मश्शी पीज, म्हणजे घोटलेले वाटाणे, सोपवले. मॅरोफॅट जातीचे, टपोरे, शेतात वेलावरच वाळलेले. रात्री खायचा सोडा घालून भरपूर पाण्यात भिजवायचे, सकाळी ते पाणी टाकून स्वच्छ धुवायचे. मग ताज्या पाण्यात मीठ, चिमूटभर साखर आणि मंद आच. सोड्याने सालं मऊ पडतात, वाटाणे आपसूक फुटतात. डावाच्या पाठीनं जरासे घोटले की झालं. मिक्सर लावला तर खळ होते. फोडणी नाही, मिरची नाही. वर पुदिना, व्हिनेगर, साखरेचा सॉस. तुझी काळ्या वाटाण्याची उसळ खाल्लेल्याला हे आजाऱ्याचं जेवण वाटेल, पण तळलेल्या माशाशेजारी झकास लागतं.

मासा हॅडॉक, इथं यॉर्कशायरात कॉड माशापेक्षा तोच आवडतो. मैद्यात थंडगार बिअर कालवतात, बुडबुड्यांमुळे आवरण हलकं, कुरकुरीत होतं. बाबा, अख्खा मासा आला की मी अजून आधी कल्ले उचलून बघतो. स्कूटरवर पुढे उभं करून बाजारात न्यायचात, तिथं शिकवलंत ते. इथले हसतात, हसोत.

एक लपवत नाही. इथली बरीच जुनी दुकानं गाईच्या चरबीत तळतात, आमच्याकडे तेल. पण 'स्टेक अँड एल पाय' म्हणून एल नावाची बिअर घातलेला एक पदार्थ असतो, त्यात गोमांस असतं आणि ते मलाच शिजवावं लागतं. घरी आणत नाही. तुम्ही याल तेव्हा घरातलं एकही भांडं तुम्हाला पुन्हा घासायला लागणार नाही. आई, उगाच रात्री जागून यावर विचार करू नकोस.

उन्हाळ्यात आत्या आली की तिला सांग, शाकाहारी दिसतं म्हणून टोस्टवरचं वितळवलेलं चीज न विचारता मागवू नये. त्यात बहुतेक वूस्टर सॉस असतो. १८३७ पासून विकतात तो. त्यात आपली चिंच आहे खरी, पण मांदेलीच्या जातीचे मासेही आहेत. मश्शी पीजसुद्धा विचारूनच घ्यावेत, कोणी त्यात हॅमचा, म्हणजे डुकराच्या मांसाचा, तुकडा टाकतं.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळीच, चहाबरोबर. 'नंतर घेतो' चालणार नाही. पापड-लोणचं बंद. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणला नव्हता. जिना एकदाच चढायचा. आणि बाबा, माळ्यावर चढायचं नाही म्हणजे नाही. परवा चढला होतात. आई मला सांगणार नाही, असं वाटलं का तुम्हाला?

तुमचा,
बाळू