उरलेल्यांना सगळं ठाऊक असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'एकतर्फी प्रेमातून मित्रावर हल्ला' अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. दोघं एकाच ग्रुपमधले होते, रोजचं उठणं-बसणं होतं, एवढंच शेवटी लिहिलेलं असतं. ग्रुपमधल्या उरलेल्यांबद्दल एक ओळही नसते. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक असतं. हे खात्रीने सांगतो, कारण एकोणिसाव्या वर्षी अशाच एका ग्रुपमध्ये मी होतो.

आम्ही चार मुलगे आणि दोन मुली. एकाचा आमच्यातल्याच एकीवर जीव जडला. त्याने तिला विचारलंही नव्हतं, तोवर आम्ही तिला त्याच्या नावाने चिडवायला लागलो. ती दिसली की कुणीतरी म्हणायचं, "वहिनी आली रे!" सुरुवातीला ती हसायची, मग हसेनाशी झाली. ते आम्हाला दिसत होतं, तरी चिडवणं चालूच राहिलं. तिच्या मनात काय आहे हे न विचारताच आम्ही ती त्याची ठरवून टाकली होती. पुढे तिचं दुसऱ्या मित्राशी जमू लागलं, तेव्हा "तुझ्या नाकावर टिच्चून घेऊन गेला की!" असं आमच्यापैकीच एक जण बोलला. हसणाऱ्यांत मी होतो.

एका संध्याकाळी जिन्यात त्याने त्या मित्राच्या कानाखाली वाजवली. त्याचा तोल गेला, कपाळ कठड्यावर आपटलं आणि भुवईवर चार टाके पडले. खाली पडलेला त्याचा चष्मा मी उचलला. एक काच शाबूत होती. ती मी शर्टाच्या टोकाने कितीतरी वेळ पुसत राहिलो, कारण मान वर करायची हिंमत नव्हती. घरी काय सांगायचं ते तिथंच ठरलं: पाय घसरला. ती मुलगी त्यानंतर आमच्यात आली नाही.

वय वेडं असतं, असं म्हणून हा विषय आपण मिटवतो. पण वयाइतकीच सोबतही महत्त्वाची असते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांना संगणकावर गाडी चालवायला दिली होती. मित्र शेजारी असले की 13 ते 16 वयाची मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत. 24 च्या पुढच्यांमध्ये असा फरक जवळपास पडत नव्हता. आमच्या मित्राचा हात उठला तेव्हा आम्ही तिघं बघत उभे होतो. जिन्यात ते दोघंच असते तर तो उठला असता का, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे 1950 च्या दशकातले प्रयोग मला त्याहून जास्त बोचतात. समोरच्या रेषांपैकी कोणती नमुन्याच्या रेषेइतकी लांब, एवढंच सांगायचं होतं. बाकी सगळे ठरवून चूक उत्तर देत, तेव्हा ढळढळीत दिसत असूनही अनेक जण त्यांच्या सुरात सूर मिसळत. पण एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे प्रमाण झपाट्याने खाली येई. "बास कर, तिला आवडत नाहीये" एवढं म्हणणारा एक जण आमच्यात असता तर!

म्हणून दोन विनंत्या. अशा बातमीत 'प्रेमातून' हा शब्द कृपया छापू नका. नकार सहन झाला नाही म्हणून मारलं, असं स्पष्ट लिहा. आणि आई-वडिलांनी, शिक्षकांनी मुलांशी आकर्षणाबद्दल बोलताना फक्त 'भानगडीत पडू नकोस' म्हणून थांबू नये. मित्र चुकत असेल तर त्याला कोणत्या शब्दांत अडवायचं, हेही सांगावं. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

भुवईवर व्रण असलेला तो मित्र अजून भेटतो. मी त्याच्या घरी जातो. त्याच्या आईला आजही पाय घसरला एवढंच माहीत आहे.

आपला,
एक वाचक