चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलास

परभणी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मुंबईच्या त्या कलादालनाच्या चालकांनी तुझी चित्रे ‘मळकट’ ठरवली आणि झगझगीत लाल-पिवळ्यातले राधा-कृष्ण मागितले, म्हणून तू हातातले कॅनव्हास बाजूला ठेवून तसेच रंगवायला घेतलेस, हे वाचून मला फार वाईट वाटले.

वैशाखातल्या भेगाळलेल्या रानाचे तुझे चित्र आपल्या बैठकीत लावले आहे. त्यात तू ट्यूबमधला काळा कुठेही वापरलेला नाहीस. तपकिरी बर्न्ट अंबर आणि निळा अल्ट्रामरिन मिसळून काळा तयार केलास, आणि म्हणूनच तो ढेकळांच्या उन्हाकडच्या बाजूला तांबूस तर भेगांच्या तोंडाशी निळसर दिसतो. आपले रान उन्हाळ्यात नेमके असेच दिसते. चित्रकला शिकवण्यात माझे आयुष्य गेले, पण ही जाण मी तुला दिलेली नाही. बांधावर बसून तासन्‌तास पाहिल्याने ती तुझ्या हातात उतरली आहे. ती सोडून उसन्या रंगांत शिरलास तर तुझ्यासारखे शेकडो चित्रकार तिथे आधीच उभे आहेत.

बाहेरचे काही घेऊच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती आणि काजळी यांनी भिंती रंगवल्या, तरी निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दगड दूरच्या अफगाणिस्तानातून आलेला होता, आणि तो त्या चित्रांत कुठेही परका वाटत नाही. अमृता शेरगिल पॅरिसमध्ये शिकल्या, भारतात परतल्यावर अजिंठा पाहून भारावून गेल्या, आणि 1937 साली त्यांनी दक्षिण भारतातल्या माणसांची जी तीन मोठी चित्रे केली त्यांत पॅरिसही आहे, अजिंठाही आहे, तरी ती दुसऱ्या कोणाची म्हणता येत नाहीत. घेतलेले पचवायला वेळ लागतो. आपल्या नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांनीही आधी मानवाकृती रंगवल्या, त्यांचा अमूर्ताचा मार्ग पुढे स्थिरावला, आणि नंतरही ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. शैली कायम कर, असे मी विशीतल्या मुलाला सांगणार नाही. ती गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून बदलू नकोस, एवढेच सांगते.

खोलीचे भाडे आणि रंगांचा खर्च यांची मला कल्पना आहे. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. तूही मुखपृष्ठे कर, भिंती रंगव, शिकवण्या घे, त्यात कसलाही कमीपणा नाही. फक्त ते काम मागणाऱ्याचे आहे हे स्वतःशी स्पष्ट ठेव आणि सकाळचे पहिले तास स्वतःच्या चित्राला दे. यंदा भाड्याला काही कमी पडले तर निःसंकोच कळव. बाबांशी माझे बोलणे झाले आहे. कपाशीच्या पळाटीच्या ढिगाचे जे चित्र तू अर्धे ठेवले आहेस, ते आधी पुरे कर आणि मगच त्या चालकांना उत्तर लिही.

तुझी,
आई