राजीनामा द्या, पण आधी हिशेब द्या

निकाल वाईट लागला की राजीनाम्याची चर्चा सुरू होते. जून २०२४ मध्ये राज्यात भाजपचे खासदार २३ वरून ९ वर आले, तेव्हा देवेंद्र फडणवीसांनी सरकारमधून मोकळे करा म्हटले. श्रेष्ठींनी ऐकले नाही. पाच महिन्यांत त्याच पक्षाने विधानसभेत १३२ जागा आणल्या. काँग्रेस १६ वर अडकली, प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीत २०८ मतांनी कसेबसे तरले, आणि नवा अध्यक्ष यायला फेब्रुवारी उजाडला.

राजीनाम्याने पक्ष सुधारतो असे नाही. पण स्वतः पद सोडायची तयारी नसलेला नेता कार्यकर्त्याला कोणत्या तोंडाने जाब विचारणार? तेव्हा द्यावाच. मात्र तिकिटे कोणाच्या शब्दावर वाटली, हे आधी सांगावे. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना आमच्याकडे शेतकरी बाजार समितीत ओलाव्याच्या नावाखाली भाव पाडून घेत होता, अन् प्रचाराच्या भोंग्यावर त्याचा शब्द नव्हता. मतदानाच्या दिवशी बूथवरची पोरे दुपारपर्यंत उपाशी. मतदारयादीची प्रतही त्यांनी पदरच्या पैशांनी काढली.

मुंबईतला अध्यक्ष बदलला तरी तालुक्याचा तोच राहतो. आमचे तालुकाध्यक्ष तर निकालाच्या संध्याकाळपासून फोन बंद करून बसले होते. राजीनाम्याची सुरुवात त्यांच्यापासून करा. जिल्हा परिषदेच्या तिकिटांसाठी पुन्हा त्यांच्याच ओसरीवर जायचे असेल, तर वरच्या राजीनाम्याचे आम्ही काय करू?

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ