व्हिक्टोरिया डेची लावणी

गेल्फ, ओंटारिओ
१४ मे २०२६

ती. नाना आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

नाना, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत की तिकडचे सगळे लोक एकाच शनिवार-रविवारी रोपं कशी काय लावतात, मुहूर्त असतो का त्याचा. तेवढ्यात मोटर चालू करायला तुम्हाला जावं लागलं आणि उत्तर राहिलं. दादालाही हे वाचायला द्या, त्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

मुहूर्त नाही, पण सुट्टी आहे. राणी व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ चा. कॅनडात त्या दिवसाची सुट्टी १८४५ पासून चालत आली आणि १९०१ मध्ये राणी गेल्यावरही लोकांनी ती सोडली नाही. आता २५ मेच्या आधीचा सोमवार धरतात, यंदा तो १८ तारखेला येतोय. शेजारच्या क्यूबेक प्रांतात त्याच सोमवारी राणीऐवजी त्यांच्या देशभक्तांचा दिवस पाळतात. शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस मोकळे मिळतात. ज्यांची तळ्याकाठी घरं आहेत ते ती उघडायला जातात, रात्री फटाके उडतात आणि उरलेलं सगळं गाव मातीत उतरतं. इथल्या कॅलेंडरात उन्हाळा जूनच्या २१ तारखेला लागत असेल, पण इथल्या माणसाच्या मनात तो या सोमवारी लागतो.

आणि त्यामागचं खरं कारण राणी नाही, दव आहे. दक्षिण ओंटारिओत मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठू शकतं. टोरांटो मोठ्या तळ्याच्या काठावर असल्यामुळे तिथे ते जरा लवकर थांबतं, आमचं गेल्फ आत आणि उंचावर आहे, म्हणून इथे उशीर लागतो. या सुट्टीपर्यंत बहुतेक वेळा धोका टळलेला असतो, म्हणून पिढ्यान् पिढ्या लोकांनी हीच खूण धरली.

नाना, गोठलेलं दव तुम्हाला मी काय सांगावं! निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की पहाटे उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायच्या, विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडायचं आणि मणी तडकतील या धास्तीने उजाडेपर्यंत ओळीतून फिरत राहायचं, हे तुम्ही आयुष्यभर केलंत. ते इथे जसंच्या तसं उपयोगाला येतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तीच रात्र वाईट. जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते, गार हवा जड म्हणून खाली बसते. हवामान खातं तापमान मोजतं ते माणसाच्या छातीच्या उंचीवर, म्हणजे अंदाजात दोन-तीन अंश दिसले तरी जमिनीलगतच्या पानावर बर्फ धरू शकतं. ढग असले किंवा वारा असला तर त्याच तापमानाला काही होत नाही. इथून दीड तासावर नायगारा भागात द्राक्षबागा आहेत. तिथे शेकोट्यांऐवजी उंच खांबांवर मोठमोठे पंखे लावलेले असतात. वसंतात कोंब फुटल्यावर अशी रात्र आली की ते पंखे वरची उबदार हवा खाली ढकलतात. दादा, तुला ते एकदा दाखवायचेच आहेत.

म्हणूनच मी तारखेपेक्षा रात्रीचा आकडा बघतो, आणि हे मी तुमच्याकडूनच शिकलो. सोमवारनंतरच्या आठवड्यात एखादी रात्र पाच अंशांखाली दिसली तर टोमॅटो आणि वांगी थांबतील, मग सगळी गल्ली लावून मोकळी झाली तरी चालेल. इथे तुळशीसारखी बेझिल म्हणून एक वनस्पती लावतात, ती तर थंडीच्या नुसत्या झुळकीने काळी पडते. गल्लीतल्या एका घरी मागे एकदा सुट्टीत घाईने सगळं लावलं आणि बुधवारी पहाटे निम्मी रोपं उकडल्यासारखी मान टाकून पडली होती. जुनी चादर टाकली असती तरी वाचली असती. चादरीखाली जमिनीची ऊब धरून राहते. प्लास्टिकचा कागद मात्र पानाला टेकला की तिथे पान जळतं.

आता बेत सांगतो. आमचे वाफे चार फूट रुंद, आठ फूट लांब, लाकडी फळ्यांनी बांधलेले. पालक, मुळा, मटार या सुट्टीची वाट बघत नाहीत, त्यांना थंडीच मानवते. माती हाताळण्याजोगी झाल्याबरोबर एप्रिलमध्येच ते पेरले, पालकाची पहिली खुडणी झालीसुद्धा. टोमॅटो, मिरची आणि वांग्याची रोपं मार्चअखेरीस घरात दिव्याखाली केली. गेला आठवडाभर त्यांचं हार्डनिंग चाललंय. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग हळूहळू ऊन, मग वारा, आता रात्रीही पडवीत. घरातल्या दिव्याखाली वाढलेल्या रोपाला एकदम उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडतात. पिंपळगावच्या टोमॅटोवाल्यांना हे सांगावं लागणार नाही, इथे मात्र नवीन लोक नर्सरीतून रोप आणतात आणि त्याच दुपारी लावतात.

शनिवारी सकाळी गावातल्या शेतकरी बाजारात जाणार. आठवड्याचा बाजार तो, पण या शनिवारी भाजीपेक्षा रोपं जास्त. नर्सरीसमोर गाड्यांची रांग लागते आणि लोक गाडीच्या मागच्या भागात शेणखताच्या पिशव्या भरत असतात. हो आई, इथे शेणखत प्लास्टिकच्या पिशवीत विकत मिळतं, गाईचं वेगळं, मेंढीचं वेगळं. ज्यांची रोपं जास्त झाली ते घराबाहेर फुटपाथवर खोक्यात ठेवतात, कुणीही घेऊन जावं. मला या सुट्टीतली ही गोष्ट सगळ्यात आवडते. एरवी कोण कोणाच्या दारात थांबत नाही. या तीन दिवसांत मात्र वाटेने जाणारा माणूसही कुंपणापाशी उभा राहून मिरचीची जात विचारतो.

रविवार मातीचा. दर वसंतात वाफ्याबाहेरच्या जमिनीतून नवे दगड वर आलेले असतात. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि दगडाला थोडं थोडं वर ढकलतं. ते वेचायचे, खत मिसळायचं, ठिबकच्या नळ्या अंथरायच्या. ठिबक बघून शेजारी थांबतात. इथे तळी इतकी की पाण्याचा विचार करावा लागतो हेच अनेकांच्या गावी नसतं. पण गेल्फचं पाणी जमिनीखालून उपसलेलं आहे आणि कोरड्या उन्हाळ्यात नगरपालिका हिरवळीला पाणी घालण्यावर बंधनं आणते. म्हणून पन्हाळीखाली पिंप ठेवून पावसाचं पाणी साठवायलाही ती सांगते. आमच्याकडे पिंप आहे. निफाडच्या माणसाला ते कुणी सांगायला नको.

फवारणीचं विचाराल म्हणून लिहितो. ओंटारिओत २२ एप्रिल २००९ पासून घराच्या बागेत आणि हिरवळीवर बहुतेक रासायनिक कीटकनाशकं, तणनाशकं मारायला बंदी आहे. शेतीला ती लागू नाही. त्यामुळे या दिवसांत सगळं गाव डँडेलियनच्या पिवळ्या फुलांनी भरतं आणि ज्यांना ती नको असतात ते गुडघ्यावर बसून मुळासकट उपटतात. मुलाला मी हेच काम दिलंय. मिल्कवीड नावाचं रुईच्या कुळातलं एक झाड मात्र मी कुंपणाशी मुद्दाम राखलंय. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या दुसरं काहीही खात नाहीत. पूर्वी ते सरकारी तणांच्या यादीत होतं, २०१४ मध्ये काढलं. ती फुलपाखरं हिवाळ्याला इथून थेट मेक्सिकोत जातात.

सोमवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, लावणी. टोमॅटोचं रोप खालची पानं काढून निम्म्याहून खोल पुरायचं, पुरलेल्या खोडालाही मुळ्या फुटतात. बटाटे आधीच लावलेत, युकॉन गोल्ड जातीचे. ही जात याच गावच्या विद्यापीठात गॅरी जॉन्स्टन यांच्या चमूने तयार केली आणि १९८० मध्ये बाहेर आली. आतून पिवळसर, भाजीला फार चांगला. भेंडी मात्र जूनवरच टाकलीय. तिला माती चांगली तापलेली लागते, गार मातीत बी कुजतं. कारलं आणि दुधी घरात कुंड्यांत आहेत, तेही भेंडीबरोबरच बाहेर पडतील. मग सप्टेंबर संपेस्तोवर जे काय येईल ते, कारण त्यानंतर थंडी पुन्हा दारात.

आई, तू ताईबरोबर कांद्याचं उळं पाठवते म्हणालीस. पाठवू नकोस. एक तर बाहेरचं बी आणताना सीमेवर सांगावं लागतं, बऱ्याच बियांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, नाहीतर ते तिथेच काढून घेतात आणि ताईला त्रास. दुसरं म्हणजे आपला कांदा इथे पोसणारच नाही. कांदा दिवसाच्या लांबीवर गड्डा धरतो. आपल्या जाती साडेअकरा-बारा तासांच्या दिवसावर गड्डा धरणाऱ्या. इथे आत्ताच दिवस पंधरा तासांच्या आसपास गेलाय, रात्री साडेआठलाही उजेड असतो. आपलं रोप हाताएवढं होण्याआधीच गड्डा धरेल आणि लसणीएवढा कांदा देऊन मोकळं होईल. इथल्या जाती चौदा-सोळा तासांच्या दिवसाला सोकावलेल्या, त्यांचीच रोपं मी आणतो. मेथी आणि कोथिंबिरीला मात्र कसलीच अडचण नाही, किराण्याच्या डब्यातले दाणेच पेरतो. धने तू शिकवलंस तसे चपलेखाली रगडून, दोन फाकी करून. कोथिंबीर जुलैच्या उन्हात लगेच फुलावर येते, म्हणून दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी पेरायची.

तुझ्या सुनेने आणखी एक शोध लावलाय. इथे रुबार्ब म्हणून एक आंबट दांडा या दिवसांत सगळ्यांच्या परसात येतो. लोक त्यात साखर घालून गोड करतात, तिने तो चिंचेऐवजी आमटीत घातला आणि गूळ टाकला. फार छान झाली. त्याची पानं विषारी असतात, दांडाच तेवढा खायचा. या रविवारपासून अधिक महिना लागतोय ना? ताईचे यजमान धोंड्याला येतील तेव्हा त्यांना आमचा नमस्कार सांग, आणि पुरणाचे धोंडे केलेस की फोटो पाठव.

नाना, आता तुमच्याकडे एक काम आहे. पलीकडच्या घरातले आजोबा मूळचे इटलीचे, तरुणपणी इथे आले. गेल्फमध्ये त्यांच्या लोकांची एक जुनी वस्तीच आहे. त्यांच्याकडे अंजिराचं झाड आहे, ते दर शरद ऋतूत मुळं एका बाजूने मोकळी करून आडवं पाडतात, मातीखाली पुरतात आणि वसंतात उकरून उभं करतात. त्यांच्या अंगणात द्राक्षाचा मांडवही आहे, हिवाळ्यात उणे वीसपर्यंत तापमान जातं तरी तो वेल टिकतो. आजोबांचा गुडघा यंदा धरलाय. मार्चमध्ये छाटणी झाली नाही आणि आता त्या मांडवावर कोंबांची नुसती गर्दी झालीय, आतपर्यंत ऊन जात नाही. मी विरळणी करून देतो म्हणालो. त्यांना द्राक्षं वाइनसाठी हवीत, खायला नाही, म्हणजे मणी मोठे व्हायची गरज नाही, पण घडापर्यंत हवा आणि ऊन गेलं पाहिजे, कारण जुलैत इथे दमट होतं आणि भुरी येते. फवारायचं तर काही नाही. कोंब अजून वीतभरच आहेत. थंडीची एखादी रात्र अजून राहिली असेल तर आत्ताच काढावेत की आठवडाभर थांबून, एवढंच मला ठरवता येत नाहीये. तुम्ही एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जे करता त्याहून हे वेगळं आहे, पण वेल बघितल्याशिवाय तुम्ही काही सांगणार नाही हे मला ठाऊक आहे.

रविवारी आमच्या सकाळी साडेआठला, म्हणजे तुमच्या संध्याकाळी सहाला, मांडवाखालून व्हिडिओ कॉल लावतो. दादालाही घरी थांबायला सांगा. आजोबा पण असतील, त्यांना तुमच्याशी बोलायचंय. थॉमसन द्राक्षाच्या वेलीवर किती काड्या ठेवता आणि एका काडीवर किती घड, हे ते मला दोनदा विचारून गेलेत.

तुमचा,
धाकटा