ताई, तुम्ही धीर दिला नाहीत म्हणून

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, पण तुमचं नाव कुठे घातलेलं नाही. चारचौघांत कुणी कौतुक केलं की तुम्ही पाणी प्यायचं निमित्त करून आत जाता, हे मला माहीत आहे. देशाचंही नाव लिहीत नाही. तुम्ही स्वतः तीन देशांत बिऱ्हाड मांडलंत आणि मोडलंत, आणि पहिल्या वर्षाच्या कटकटी तिन्हीकडे त्याच होत्या असं तुम्हीच सांगितलं होतं.

माझ्या नोकरीसाठी आमचं परदेशी जायचं ठरलं तेव्हा जो तो धीर द्यायला टपलेला होता. "काही नाही गं, सगळे जातात, होतं सगळं नीट." तुमच्याकडे आले तर तुम्ही चष्मा लावलात, माझा पासपोर्ट मागितलात आणि म्हणालात, "आधी तुझं नाव वाचू." पुढचा अर्धा तास आपण नुसतं नाव वाचत होतो. पासपोर्टच्या पानाच्या तळाशी यंत्रासाठी दोन ओळी छापलेल्या असतात, एकेका ओळीत ४४ खुणा. इतकी वर्षं तो पासपोर्ट कपाटात होता आणि त्या ओळी मी कधी नीट पाहिल्याही नव्हत्या. तिथलं नाव पदवीच्या प्रमाणपत्राशी जुळत नव्हतं आणि विवाहाच्या दाखल्यावर तर तिसरंच होतं. "तिथल्या कारकुनाला तू ठाऊक नाहीस. त्याच्या लेखी या तीन बायका आहेत," असं तुम्ही म्हणालात. खरं सांगू? मला तुमचा रागच आला होता. एवढ्या आनंदाच्या वेळी ही बाई स्पेलिंग काय काढून बसली आहे, असं वाटलं. नंतर इथे एका सहकाऱ्याची याच एका अक्षरापायी झालेली धावपळ पाहिली. मूळ दाखला ज्या कार्यालयातून निघाला होता तिथेच दुरुस्ती व्हायची, आणि तो बसला होता दुसऱ्या खंडात.

अपोस्टील हा शब्दही तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. एका देशाचा सरकारी दाखला दुसऱ्या देशाने मानावा म्हणून लावायचं ते शिक्कामोर्तब. त्याचा हेगचा करार १९६१ चा, पण सगळेच देश त्यात एकदम आले नाहीत. चीन २०२३ च्या अखेरीस आला, कॅनडा २०२४ च्या जानेवारीत. म्हणून चार वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचं ऐकून कागद करू नकोस, ज्या देशात जायचं त्याच्या सरकारचं आजचं पान वाच, हा तुमचा आग्रह होता. मूळ कागद हातातल्या बॅगेत, मोठ्या सामानात एकही नाही, हाही. माझी एक मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली आणि त्या दोन दिवसांत मला फक्त कपड्यांची काळजी करावी लागली.

आल्यावर ते चक्र सुरू झालं, ज्याचं चित्र तुम्ही मला दिलेल्या तुमच्या वहीच्या मागच्या पानावर काढून दिलं होतं. घराचा पत्ता नाही म्हणून बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून कुणी घर देत नाही, आणि दोन्ही नाही म्हणून फोनचं कनेक्शनही नाही. चित्रात एका ठिकाणी तुम्ही बाण काढून लिहिलं होतं, "इथून फोड." पहिल्या महिन्यासाठी स्वस्त जागा शोधू नकोस, पत्त्याचा लेखी पुरावा देणारी जागा शोध, आणि नोकरीच्या ठिकाणाहून पगाराचं पत्र पहिल्याच दिवशी मागून घे. आमचं चक्र त्या पत्रानेच फुटलं. इतकी वर्षं वेळेवर फेडलेल्या हप्त्यांना इथे काडीची किंमत नाही, कारण कर्जफेडीचा इतिहास सहसा सरहद्द ओलांडत नाही, याची कल्पना होती तरी काउंटरवर ऐकताना कान गरम झालेच.

आणि जुना मोबाइल नंबर! "तो बंद करू नकोस, निघायच्या आधी रोमिंग चालू करून ठेव," असं तुम्ही तीनदा बजावलंत. मी मनात हसले होते. दुसऱ्याच आठवड्यात घरच्या बँकेतून पैसे काढायचे होते आणि बँक ओटीपी त्याच नंबरवर पाठवत होती.

पहिल्या घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, फरशीचे फोटो काढायला लावलेत तेही कामी आले. घर सोडताना मालकाने आमच्या आधीचा एक ओरखडा आमच्या माथी मारायचा प्रयत्न केला, तारखेसह फोटो दाखवल्यावर अनामत परत आली. यावर जास्त लिहीत नाही, अजून डोकं तापतं.

नवऱ्याला तुम्ही वेगळं बोलावलं होतंत, ते मला फार नंतर कळलं. सगळे माझं अभिनंदन करत होते, तो आपली चांगली नोकरी सोडून माझ्या मागे निघाला होता, आणि याबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं. आम्ही दोघंही नाही. तुम्ही त्याला विचारलंत, "हिला परवापासून टेबल आहे, चार माणसं आहेत, उठायला कारण आहे. तुला काय आहे?" जोडीदाराच्या व्हिसावर काम करता येतं की त्याची परवानगी वेगळी काढावी लागते, हे देशागणिक बदलतं, आणि आम्ही ते विचारलंही नव्हतं. येईलच काहीतरी करता, एवढ्यावर निघालो होतो. तुमच्या त्या एका प्रश्नामुळे त्याने निघायच्या आधीच भाषेच्या वर्गात नाव घातलं. आज तो बी-१ पातळीची परीक्षा देऊन बसला आहे आणि मी त्याच्या एक पायरी खाली, ए-२ ला अडकले आहे. घरमालकाशी, डॉक्टरांशी, प्लंबरशी तोच बोलतो. पण मधले महिने सोपे नव्हते, ताई. मी दमून घरी यायचे आणि तो दिवसभरात पहिल्यांदा कुणाशी तरी बोलायला आसुसलेला असायचा. आम्ही भांडलो ते भांड्यांवरून, खिडकी उघडी राहिल्यावरून. त्या भांडणांनाही तुम्ही आधीच नाव दिलं होतंत म्हणून ती मुक्कामाला राहिली नाहीत.

एका बाबतीत मात्र तुमचा अंदाज चुकला. "तिसऱ्या महिन्यात रडशील," म्हणाला होतात. तिसरा महिना मजेत गेला. मी तारीख लक्षात ठेवून वाट पाहिली, काही झालं नाही, आणि आपण यातून सुटलो असं समजले. आठव्या महिन्यात बसथांब्यावर उभी असताना रडू आलं. कारण काय, तर बस चार मिनिटं उशिरा आली.

मग या विषयावर जरा वाचलं. कल्चर शॉक, म्हणजे परक्या संस्कृतीत जाऊन राहिल्यावर बसणारा धक्का, हा शब्द रूढ करणारे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९५४ साली रिओ द जानेरोत याच विषयावर भाषण केलं होतं. त्यांनी दिलेली लक्षणं वाचून मी मोठ्याने हसले: सारखे हात धुणं, पाण्याबद्दल नको इतकी काळजी, आपल्याला सगळे फसवणार ही भीती, आणि जराशा उशिरावरून संतापाचे झटके. माझी बस तिथे हजर होती! त्यांच्या मते पहिला मोहाचा काळ काही दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत टिकतो. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, लिसगार्ड या संशोधकाने अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास मांडला. त्यात सहा ते अठरा महिने तिथे राहिलेल्यांचं सर्वांत कमी जमलं होतं, त्याहून कमी आणि त्याहून जास्त राहिलेल्यांचं बरं होतं. आधी बरा, मधे खाली, मग पुन्हा वर असा हा आलेख सगळ्यांना लागू पडत नाही, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. मला मात्र तो तंतोतंत लागू पडला. तेव्हा तुमच्या त्या वाक्यातला महिना बदला, वाक्य तसंच राहू द्या. रडू येणार हे माहीत होतं म्हणून त्या दिवशी मी परतीची तिकिटं शोधत बसले नाही.

दुसऱ्या भाषेत माणूस थोडा मठ्ठ होतो, हे तुमचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं. मीटिंगमध्ये विनोदावर सगळ्यांच्या नंतर हसते. मला सुचतं ते उत्तर जिन्यात, घरी जाताना. घरच्या भाषेत मी बरी हजरजबाबी आहे, हे इथे कुणाला माहीतच नाही, आणि मी ते कुणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. याला काही उपाय सापडला असेल तर कळवा.

तुमचा सगळ्यात कठीण प्रश्न तुम्ही दाराशी, चपला घालताना विचारला होतात. "रात्री दोन वाजता घरून फोन आला तर काय करणार?" परतीच्या तिकिटाएवढे पैसे वेगळे काढा, घरच्या व्यवहारांसाठी मुखत्यारपत्र करून ठेवा, आणि राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण चालू असताना देशाबाहेर जाऊन परत येता येतं का, ते अर्ज भरतानाच विचारा. बाबांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा आमचा अर्ज नेमका मधे लटकलेला होता. विचारून ठेवलं होतं म्हणून प्रवासाचं पत्र आधीच हातात होतं. दोन दिवसांत बाबा घरी आले, पत्र वापरावं लागलं नाही. पण त्या रात्री मी ते उशाशी घेऊन झोपले होते.

वही या पार्सलमध्ये परत पाठवते आहे. येण्याजाण्याच्या तारखा लिहायचं पान मी उतरवून घेतलं. बऱ्याच देशांत वर्षातले १८३ दिवस कुठे काढले यावर कर ठरतो. शिवाय युरोपातल्या बऱ्याच देशांत थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या बाहेरच्या लोकांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्यांच्या जागी संगणकी नोंद आली आहे, तेव्हा पासपोर्ट चाळून तारखा सापडतीलच असं नाही. औषधांच्या पानावर पेन्सिलीने दोन ओळी वाढवल्या आहेत. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, आणि तेही एकाहून जास्त असू शकतं; पॅरासिटामॉललाच अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. पटलं नाही तर खोडून टाका.

तुमची,
तीन बायकांची एक झालेली